आवाज फुटल्यानंतर

फोन वाजला तेव्हा तिचे हात गुंतलेले होते. समोर कुठल्यातरी म्हाताऱ्याच्या खालच्या जबड्याचा प्लॅस्टरचा साचा होता आणि त्याच्या हिरडीवर ती गुलाबी मेण चढवत होती. मेण कोमट असेपर्यंतच ऐकतं, गार झालं की हट्टाला पेटतं, म्हणून पहिल्या दोन-तीन रिंगांकडे तिने लक्षच दिलं नाही. कवळ्यांच्या त्या लॅबमध्ये त्या वेळी दुसरं कोणी नव्हतं. मालकीणबाई दवाखान्यांतून दातांचे नवे ठसे गोळा करायला गेल्या होत्या, आणि फोन तर वाजायचा थांबेना. शेवटी तिने कोपराने रिसीव्हर सरकवला आणि मान वाकडी करून खांद्यात धरला. ‘आई,’ पलीकडून एक मुलगा म्हणाला, ‘किल्ली आतच राहिली गं. मी दाराबाहेर उभाय. तुला किती वेळ?’ आणि ती म्हणाली, ‘थांब तिथेच. निघाले.’ फोन बंद झाला. तिने ॲप्रन सोडला, पर्स खांद्याला लावली, मेणाखालची ज्योत विझवली, जिन्याच्या दारापर्यंत गेली, आणि कडीला हात घातल्यावर तिच्या लक्षात आलं की घरी कोणी दाराबाहेर उभं राहणार नव्हतं. तिला मुलगा होता. अकरा वर्षांपूर्वी गेला. सतरावं संपत आलं होतं त्याचं.

ती परत येऊन स्टुलावर बसली. राँग नंबर कोणालाही लागतो. गडबडीत माणूस काहीही बोलून जातो. तिला भीती वाटली ती त्याची नव्हे. तो आवाज कानात शिरला, आत पोचला, आणि आतल्या कोणीही ‘हा नव्हे’ म्हटलं नाही, याची तिला भीती वाटली. दारावरच्या शिपायाने अनोळखी माणसाला न विचारता सोडावं तसं झालं होतं. मग खरा कसा होता? तिने डोळे मिटले आणि त्याचा आवाज आठवायला गेली. रोज उघडायच्या कपाटाचं दार उघडावं आणि आत नुसती भिंत लागावी, तसं झालं. तिने पुन्हा प्रयत्न केला. बोटांवरचं मेण चिकट झालं. असं कसं होईल, ती स्वतःलाच म्हणाली. दमले असेन. नाव नाही का आठवत कधीकधी, जिभेवर असतं आणि येत नाही, मग आपण दुसऱ्या कामाला लागलो की येतं. म्हणून ती दुसऱ्या कामाला लागली. ज्योत पेटवली, सुरी तापवली, मेण कापलं. आवाज आला नाही.

लहानपणचा यायचा. तो अगदी बोट लावताच वाजायचा. चार-पाच वर्षांचा असताना टिल्लूला शब्द उलटे म्हणायचं वेड लागलं होतं. पाणी म्हणजे णीपा, चमचा म्हणजे चामच, आणि ती म्हणजे ईआ. ‘ए ईआ, णीपा दे ना,’ असं न्हाणीघराच्या दारातून ओरडायचा, आणि दार ढकललं की आतून पातळ, चिमणीसारखं हसू यायचं. ते हसू तिला आत्ताही, या मेणाच्या आणि ॲसिटोनच्या वासात, स्पष्ट ऐकू येत होतं. पण तो आवाज पंधराव्या वर्षी गेला. एका सुट्टीत फुटला. आधी नुसताच घसा बसल्यासारखा झाला, ती गरम पाण्याच्या गुळण्या करायला सांगत राहिली, आणि मग एका सकाळी बाथरूममधून कोणीतरी परका पुरुष ‘टॉवेल’ म्हणाला. तिच्या हातातून कपबशी निसटता निसटता राहिली. ती दचकलेली पाहून तो दाराआडून इतका हसला की हसता हसता आवाज वर चढला, फाटला, परत खाली कोसळला, आणि मग तो एकाएकी गप्प झाला. त्यानंतर जपूनच बोलायला लागला. हो, नाही, बघू, कळलं. तोंडातल्या तोंडात. टिल्लू हे नाव लहानखुरा होता म्हणून पडलेलं, पण त्या वर्षात तो असा ताडमाड वाढला की पँटी दर दोन महिन्यांनी आखूड व्हायच्या आणि घोटे दिसायचे. फ्रिजचं दार उघडून तिथेच उभ्याने खायचा. नवरा म्हणायचा, ‘अरे, निदान दार तरी लाव, आख्खं घर गार करशील.’ त्यावर तो ‘हं’ म्हणायचा. तो ‘हं’ कसा होता? ‘हं’ म्हणताना मान खाली घालायचा, केस पुढे यायचे, हे दिसत होतं. कानशिलावरची नवी लव दिसत होती. ‘हं’ दिसत होता, ऐकू येत नव्हता.

शेवटच्या सकाळचं वाक्य तिला पाठ होतं. ‘मला उशीर होईल, तुम्ही जेवून घ्या.’ अकरा वर्षांत हे वाक्य तिने किती वेळा मनात म्हटलं असेल. भांडी घासताना, रस्ता ओलांडताना, दुसऱ्यांच्या कवळ्यांना दात बसवताना. आणि आज पहिल्यांदाच तिला कळलं की मनात ते वाक्य तिच्याच आवाजात होतं. शब्द त्याचे, आवाज तिचा. कधी बदलला? रोज थोडा थोडा गेला असेल, की एकदम? आणि ती रोज त्याची आठवण काढते आहे असं समजत असताना, ती आठवण काढणंच त्याला पुसत होतं का? हा विचार आला तशी तिने सुरी खाली ठेवली. तिला वाटलं आपण आता कशाचीच आठवण काढू नये. चेहरा तरी शिल्लक राहील. पण चेहरा शिल्लक आहे की घरातल्या फोटोचाच चेहरा आहे, हेही तपासायला हवं होतं, आणि तपासायचं म्हणजे पुन्हा आठवायला हवं होतं.

फोन परत वाजला. या वेळी ती उडी मारून उठली. ‘आई, अजून निघाली नाहीस?’ तोच मुलगा. आवाजात कुरकुर होती. ती ऐकत राहिली. कान देऊन, श्वास रोखून ऐकत राहिली. हा जाड आहे. त्याचा नव्हता इतका जाड. नव्हता? ‘आई?’ मुलगा म्हणाला. ‘राँग नंबर आहे, बाळ,’ ती म्हणाली. ‘मग मघाशी तुम्ही ‘निघाले’ असं का म्हणालात? मी इथे पायरीवर बसून राहिलोय ना काकू,’ तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात आता राग नव्हता, नुसता गोंधळ होता. ‘चुकलंच माझं,’ ती म्हणाली. ‘तू आईचा नंबर नीट बघून लाव. एकेक आकडा बघ. आणि शेजारी जाऊन पाणी पी.’ ‘बरं,’ मुलगा म्हणाला, ‘तुम्ही रडताय का?’ ‘नाही रे, इथे औषधांचा वास असतो,’ ती म्हणाली आणि तिनेच फोन ठेवला.

मालकीणबाई आल्या तेव्हा ती मागच्या खोलीत होती. तिथे भिंतभर फळ्या आहेत आणि फळ्यांवर जुने साचे. शेकडो जबडे, वरचे-खालचे जोडीने, काही उघडे, काही मिटलेले. नव्या मुली पहिल्या दिवशी घाबरतात, मग त्यांनाही सवय होते. सगळ्यात वरच्या फळीवर कोपऱ्यात त्याचा साचा होता. तेराव्या वर्षी दातांना तार लावली तेव्हाचा. ठसा तिनेच घेतला होता. ‘तोंड उघड, अजून उघड, नाकाने श्वास घे,’ असं ती सांगत होती आणि तो डोळ्यांतून पाणी काढत, हातवारे करून काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होता. ठसा निघाल्यावर पहिलं वाक्य म्हणाला, ‘लोक तुला याचे पैसे देतात?’ आता तिने स्टूल ओढून तो साचा खाली काढला, त्यावरची धूळ फुंकली आणि पुढच्या दोन दातांमधल्या फटीवरून अंगठा फिरवला. हे अगदी खरं होतं. यात तिच्या आठवणीने काही मिसळलेलं नव्हतं. पण दातांना काय विचारणार. ‘ताई, काय झालं?’ मालकीणबाईंनी दारातून विचारलं. ‘काही नाही. मला आज लवकर जायचंय.’ मालकीणबाईंनी तिच्या हातातल्या साच्याकडे पाहिलं. त्याला त्याही ओळखत होत्या. शाळा सुटली की तो कधीकधी इथे येऊन बसायचा. ‘तुम्हाला त्याचा आवाज आठवतो?’ तिने एकदम विचारलं. मालकीणबाई बॅग धरून उभ्या राहिल्या. त्यांनी खरंच आठवून पाहिलं, कपाळाला आठ्या घालून. ‘गोड होता,’ त्या म्हणाल्या. ‘लहान होता तेव्हाचा नव्हे, नंतरचा,’ ती म्हणाली. ‘नंतर तो बोलायचा कुठे माझ्याशी. नमस्कार करायचा नुसता.’ आणि मग घाईने, समजूत घातल्यासारखं, ‘अहो ताई, होतं असं. माझ्या वडिलांचा मला कुठे आठवतो.’ पण वडील म्हातारे होऊन गेले होते, त्यांनी आवाज वापरून संपवला होता. टिल्लूला तो मिळून तीन वर्षंही झाली नव्हती. त्याच्या स्वतःच्याही तो पुरता सवयीचा झाला नव्हता.

रस्त्यावर ती चालत राहिली. बस येत होत्या, जात होत्या. तिला वाटत होतं, घाई केली पाहिजे. जसं काही कुठेतरी काही अजून थोडं उरलं आहे आणि संध्याकाळपर्यंत तेही जाईल. कोणी ऐकला होता त्याचा आवाज? शाळेतल्या बाई निवृत्त होऊन दुसऱ्या गावी गेल्या. जवळचा मित्र परदेशात. त्याचं नीट बोलणं असलेली एक कॅसेट नाही, एक व्हिडिओ नाही. एका लग्नातला व्हिडिओ आहे, त्यात तो नऊ वर्षांचा आणि मागे बँड. नवरा? नवऱ्याशी या विषयावर बोलायचं नाही हे कधी ठरलं नव्हतं. बोललं गेलं नाही एवढंच. हॉस्पिटलमधून दोघं घरी आले त्या दिवशी नवऱ्याने टिल्लूच्या खोलीची खिडकी लावली, पडदा सरळ केला आणि ‘चहा टाकतो’ म्हणाला. तेव्हापासून तोच चहा टाकतो. बॅडमिंटनच्या हॉलमध्ये खाली पडलेलं शटल उचलायला टिल्लू वाकला आणि तसाच बसला, इतकंच तिला सांगितलं गेलं. आधी पोरं हसली, त्यांना वाटलं सोंग करतोय. हृदयाचा स्नायू जन्मापासून जाड होता, डॉक्टर म्हणाले, बाहेरून काही कळत नाही, कोणाचीच चूक नाही. डॉक्टर तरुण होता आणि बोलताना पेनचं टोपण लावत-काढत होता. त्याचा आवाज तिला आठवत होता! बारीक, नाकातला, प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘ओके?’ म्हणणारा. तो राहिला. तो कशासाठी राहिला?

चौकातल्या सिग्नलपाशी, लोक ओलांडून गेले तरी ती उभीच होती, तेव्हा तिला लिफ्टमध्ये अडकलेल्या शिवणबाई आठवल्या. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. टिल्लूचा आवाज फुटला त्या वर्षी एका दुपारी घरी फोन आला, हिरव्या फरशांच्या इमारतीतली लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये बंद पडली आहे, आत एक बाई एकट्या आहेत आणि त्या किंचाळताहेत. नवरा शहराच्या दुसऱ्या टोकाला कामावर होता. टिल्लूने त्याला फोन केला आणि मग स्वतः सायकल काढून तिथे गेला. त्याला लिफ्टमधलं काही कळत नव्हतं. तो बंद दाराला पाठ लावून जमिनीवर बसला आणि नवरा पोचेपर्यंत, तासभर तरी, आतल्या बाईंशी बोलत राहिला. बाहेर कोणाशी धड न बोलणारा मुलगा. नवऱ्याने दार उघडण्याआधीच तो क्लासला उशीर होतोय म्हणून निघून गेला होता, त्यामुळे बाईंनी त्याला पाहिलंच नाही. आठवड्याने त्या खोक्यातलं भारी पेन घेऊन घरी आल्या तेव्हाही तो नव्हता. तो गेल्यावर एकदा आल्या, दारात उभ्या राहिल्या आणि आत न येताच परतल्या. जाताना एवढंच म्हणाल्या होत्या, ‘मी त्यांचा नुसता आवाजच ओळखते हो.’ मुलाला अहोजाहो केलं म्हणून ते तिच्या लक्षात राहिलं होतं. नुसता आवाज. ती सिग्नल न बघता वळली, मागून कोणीतरी कचकन ब्रेक दाबला आणि शिवी दिली, आणि ती जवळजवळ पळत निघाली.

शिवणबाई पाचव्या मजल्यावर राहायच्या आणि त्या दिवसानंतर लिफ्टमध्ये कधी चढल्या नव्हत्या. तीही जिन्यानेच गेली. प्रत्येक वळणावर वाटत होतं, मागे फिरावं. बाई म्हाताऱ्या झाल्या असतील. त्यांनाही आठवत नसेल, आणि मग जगात कोणालाच आठवत नसेल, आणि हे आपल्याला पक्कं कळेल. न कळलेलं बरं. पण पाय चढत राहिले. दार बाईंनीच उघडलं. गळ्यात मोजपट्टी, चष्मा कपाळावर, दंडावर टाचण्या खोचलेली छोटी उशी. त्यांनी लगेच ओळखलं, काही विचारलं नाही, मशीनवरचं कापड बाजूला केलं आणि खुर्ची पुढे केली. पाण्याचा पेला अर्धा करून ती म्हणाली, ‘तुम्हाला विचित्र वाटेल. मला त्याचा आवाज आठवत नाही. आज कळलं मला. सकाळपासून प्रयत्न करतेय. तुम्ही म्हणाला होतात, तुम्ही आवाज ओळखता. कसा होता?’

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत कपाळावर ठेवला. ‘घोगरा होता,’ त्या म्हणाल्या. ‘मला आधी वाटलं कोणी चाळिशीचे गृहस्थ आहेत. मध्येच फाटला तेव्हा कळलं, पोरगा आहे.’ ‘घोगरा म्हणजे? जाड? की बसल्यासारखा?’ ‘म्हणजे असा...’ बाईंनी हात हवेत फिरवला आणि तो मध्येच थांबला. ‘आता तुम्ही विचारताय तर सांगता येत नाही हो. ऐकला तर चटकन ओळखेन.’ तिला हसू आलं, कसंतरीच. ऐकला तर. ती उठायला लागली. ‘बसा ना,’ बाई म्हणाल्या, ‘काय बोलला ते सगळं आठवतंय मला. ते नको का?’

मग त्या सांगायला लागल्या. लिफ्ट थांबली, दिवा गेला, आणि त्यांना वाटलं भिंती जवळ येताहेत. लहानपणापासूनची भीती. त्या दारावर मुठी मारत होत्या आणि श्वास आत जाईना. तेवढ्यात बाहेरून कोणीतरी म्हणालं, मी लिफ्टवाल्यांचा मुलगा, मला लिफ्टमधलं ओ की ठो कळत नाही, पण बाबा येताहेत आणि त्यांना कळतं. ‘मी म्हटलं, मग तू कशाला आलास! तर म्हणाला, मला गप्पा मारता येतात का बघायला आलोय. घरी सवय राहिली नाही.’ मग त्याने विचारलं, अंधाराची भीती जास्त की बंद जागेची? त्या म्हणाल्या, दोन्हींची. तो म्हणाला, मला कुत्र्यांची वाटते आणि मुलींची, पण कुत्र्यांची कमी झालीय. त्याने त्यांना शब्द उलटे म्हणायला लावले. तरीही मध्येच त्यांचा श्वास अडकला आणि त्या रडायला लागल्या. ‘आणि मग,’ बाई म्हणाल्या आणि थांबल्या. ‘मग काय?’ ‘रागावू नका. मग तुमची नक्कल करायला लागला.’

‘माझी?’

‘म्हणाला, माझी आई आत्ता इथे असती ना, तर तिने लिफ्टलाच असा दम दिला असता की ती आपोआप वर गेली असती. आणि सुरूच झाला.’ ‘काय म्हणायचा?’ ‘जाऊ द्या हो.’ ‘नाही, सांगा. करून दाखवा.’ बाई संकोचल्या. त्यांनी एकदा खिडकीकडे पाहिलं, गळ्यातली मोजपट्टी काढून मांडीवर ठेवली, पाठ ताठ केली, एक बोट वर केलं. आणि त्या थकल्या, पातळ आवाजात म्हणाल्या, ‘अरे टिल्ल्या! दिवा चालू, पंखा चालू, नळ चालू, आणि तू तेवढा बंद!’

ही तीच होती. आवाज बाईंचा होता, पण ‘चालू’चा ‘लू’ तसाच वर नेऊन सोडला होता जसा ती सोडायची, आणि ‘बंद’वर तसंच आपटलं होतं. सुट्टीच्या दिवशी तो पलंगावर पाय लांब करून पडलेला असायचा आणि ती केरसुणी घेऊन दारात. हे ती कधी म्हणायची थांबली? म्हणायला कोणी उरलं नाही तेव्हा. परक्या बाईसमोर त्याने आपली अशी टर उडवली. आपण अशा होतो? घरात पाऊल टाकल्यापासून नुसती भुणभुण? त्याला आपल्याबद्दल एवढंच सांगावंसं वाटलं? ‘अजून काय?’ ती म्हणाली. ‘खूप होतं. बाहेर जाताना रुमाल घेतलास का, पाणी घेतलंस का, डोकं घेतलंस का. मी आत बसून हसत होते हो. अंधारात, एकटी, तोंडावर हात ठेवून. हसताना श्वास आपोआप आत जातो, ते मला तेव्हा कळलं. त्याने तुमचं एकेक वाक्य काढायचं आणि मी एकेक श्वास घ्यायचा, असं चाललं होतं. शेवटी मी म्हटलं, फारच कडक दिसते तुझी आई. तर म्हणाला...’ बाईंनी मान हलवली. ‘म्हणाला, छे, तिला माझा हा नवा आवाज ऐकून भीती वाटते. म्हणून मी घरी कमी बोलतो. सवय झाली की बोलेन.’

बाहेर कोणीतरी गाडी मागे घेत होतं, आणि तो टुंटुं आवाज बराच वेळ चालला. बाईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला होता. ती म्हणाली, ‘दचकले होते एकदा. हातात कपबशी होती.’ बाई म्हणाल्या, ‘मी दचकलेच होते की. चाळिशीचे गृहस्थ वाटले मला.’

घरी पोचली तेव्हा दिवे लागले होते. नवरा ओट्याशी होता. निवृत्त झाल्यापासून संध्याकाळचा स्वयंपाक तोच करायचा, यंत्राचे भाग जुळवावे तसा, एकेक भांडं जागच्या जागी. ‘उशीर केलास,’ तो पाठमोराच म्हणाला. ती टेबलाशी बसली, चपलाही न काढता. एरवी ती काही बोलली नसती. पण सकाळपासून जे आत साठत होतं ते आता थांबवता येत नव्हतं, आणि तिने सगळं सांगून टाकलं. फोन, राँग नंबर, पायरीवरचा मुलगा, आवाज हरवला ते, बाईंचा जिना, नक्कल. टिल्लू हा शब्द त्या स्वयंपाकघरात इतक्या वर्षांत इतक्या वेळा कोणी उच्चारला नव्हता. नवऱ्याचा डाव पातेल्यात तसाच राहिला. त्याने गॅस बारीक केला. बराच वेळ तो वळला नाही आणि तिला वाटलं, संपलं, आता हा ‘चहा टाकतो’ म्हणेल.

‘मी ऐकलंय ते,’ तो म्हणाला.

‘काय ऐकलंय?’

‘नक्कल. मी पोचलो तेव्हा चालली होती. जिन्याच्या खालच्या वळणावर थांबलो.’

‘बाई आत गुदमरत होत्या आणि तुम्ही थांबलात?’

‘हसत होत्या त्या. मला ऐकू येत होतं.’ त्याने फडक्याला हात पुसले, पुसलेले हात परत पुसले. ‘अगं, तो इतका बोलत होता. मी वर गेलो असतो तर गप्प झाला असता. थोडाच वेळ थांबलो. मग मुद्दाम पाय आपटत गेलो, तर उठून उभाच. हं, बाबा. निघतो, बाबा. संपलं.’

‘मला कधी सांगितलं नाहीत.’

‘काय सांगणार? तू चिडली असतीस त्याच्यावर.’ आणि मग, फडकं जागेवर ठेवत, ‘नंतर मग सांगायचं राहूनच गेलं.’

फ्रिज घुरघुरत होता. नवरा एकदम म्हणाला, ‘बाईंनी कसं करून दाखवलं?’ तिने केलं. बोट वर करून, पाठ ताठ करून. दिवा चालू, पंखा चालू. ‘छे, छे,’ तो म्हणाला, ‘असं सरळसोट नव्हतं.’ ‘म्हणजे? मी माझीच नक्कल चुकीची करतेय?’ ‘त्याची तशी नव्हती. पंखा म्हणायच्या आधी तो श्वास घ्यायचा, मोठ्ठा. तू घेतेस तसा. पंऽखा चालू!’ ‘मी असा श्वास घेते?’ ‘आत्ताही घेतलास.’ तिला हसू फुटलं, आणि त्यामागोमाग रडू येईल म्हणून ती थांबली, पण रडू आलं नाही, दुसरं हसू आलं. नवराही हसत होता, खांदे हलत होते, तोंड वळवून. ‘आणि ते जेवायचं,’ तो म्हणाला, ‘ते बाईंनी सांगितलं नाही? ते तर कहर होतं.’ ‘कुठलं?’ ‘थांब. ते इथून नाही जमणार.’ तो डाव हातात घेऊन दाराच्या चौकटीपाशी गेला, कमरेवर एक हात ठेवला, साठी उलटलेला, टक्कल पडलेला माणूस, आणि आतल्या खोलीच्या दिशेने, तिच्यासारखा, तिची करणाऱ्या त्याच्यासारखा, घर दणाणेल असा ओरडला, ‘टिल्ल्याऽऽ! ताट वाढलंय! येतोयस की ताटालाच तिकडे पाठवून देऊ?’

‘आलो!’ ती म्हणाली.

तिच्या तोंडून ते निघून गेलं होतं. घोगरं, वैतागलेलं, शेवटाला वर चढून जरासं फाटलेलं. नवरा चौकटीत तसाच उभा राहिला. त्याने हळूहळू तिच्याकडे वळून पाहिलं. डावातून रस्सा फरशीवर ठिबकत होता आणि दोघांपैकी कोणीही तो पुसायला हललं नाही.

‘आलो ना,’ ती पुन्हा म्हणाली, आणि हात धुवायला उठली.